तिला ते वाक्य येत नव्हतं

अण्णा, तुमच्या नातीला मी शाळेतून काढलंय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता ती पाच वर्षांची होईल. आजारी नाही, फीसाठी अडलंय असंही नाही. मी स्वतः जाऊन तिचं नाव काढून आले. आणि हेही त्याच दमात सांगते, नोकरीही सोडली. तेव्हापासून दुपारी दाराची बेल वाजली की मी दार उघडायला कचरते. क्षणभर वाटतं, बाहेर तुम्हीच उभे आहात आणि विचारताय, "पोरगी घरी कशी?"

मला तो दिवस आठवतो. मी दुसरीत होते, आपण मोरवा गावाकडे एका खोलीत राहायचो. पोट दुखतंय म्हणून मी गोधडीतून उठलेच नाही. आई म्हणाली, राहू द्या आजचा दिवस. तुम्ही कामावर निघाला होतात, ते चपला काढून परत आत आलात. माझ्या पोटावर हात ठेवलात आणि तुम्हाला खोटं कळलं. मारलं नाहीत. एवढ्या घोडीला कडेवर घेतलंत आणि शाळेपर्यंत चालत नेलंत. वाटेत एवढंच बोललात, "मला मास्तर दाराबाहेर पोत्यावर बसवायचा. फळा दिसायचा न्हाई. तू आत बसायचं." मग तुम्ही वर्गाच्या खिडकीशी उभे. बाई शिकवतायत, मी हळूच मान वर करतेय, तुम्ही अजून तिथेच. त्या दिवशी तुमचा खाडा पडला. मी मात्र त्यानंतर कधी शाळा बुडवली नाही. तापातसुद्धा नाही.

तुमच्या नातीची शाळा इथे जेसल पार्कात, घराजवळच होती. इंग्लिश मीडियम. ऑफिसात इंग्रजी बोलताना माझी जीभ अजून जड होते. तिची होऊ नये, एवढाच हेतू. थोड्याच दिवसांत तिच्या टीचरने मला बोलावून घेतलं. "घर में भी इंग्लिश ही बोलिए, मम्मी. मराठी से बच्ची कन्फ्यूज होती है." आम्ही ऐकलं. शाळेचं ऐकायचं असतं हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. घरात 'कम', 'ईट', 'सिट डाऊन' सुरू झालं. गोष्टी बंद पडल्या, कारण इंग्रजीत मला गोष्ट सांगता येत नाही. लाडही करता येत नाहीत. झोपेतही बडबडणारी पोर आधी शाळेत गप्प झाली, मग लिफ्टमध्ये, मग घरातही पाणी हवं असलं की नुसतं बोट दाखवायला लागली.

एका दुपारी आणायला गेले तर तिचा फ्रॉक ओला, आणि ती ताठ उभी. टीचर म्हणाली, "पूछना चाहिए था ना." घरी मी तिला आंघोळ घालत होते तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मला ते वाक्य येत नव्हतं." अण्णा, ती आत बसली होती. पहिल्या बाकावर.

डॉक्टरांनी कान तपासले, ऐकू नीट येतं म्हणाले. घरच्या भाषेत तिच्याशी भरपूर बोला, बोल म्हणून मागे लागू नका, असंही म्हणाले. म्हणून आता सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात असतो. मी मेथी निवडते आणि बोलत राहते: ही कोवळी, ही जून, ही किडकी. ती कधी उत्तर देते, कधी नाही. मी थांबते. गोष्टी परत सुरू केल्यात. एखाद्या दिवशी ती कणकेचा 'क' करते, मी तो तव्यावर भाजते, ती खाते. हीच शाळा. हे मी कुणाला सांगत नाही. शेजारच्या गुजराती बेन विचारतात, "बेबी स्कूल नहीं जाती?" मी म्हणते, "तबियत ठीक नहीं है." पोर माझ्याकडे बघत राहते. नवरा चांगला आहे, ओरडत नाही, पण परवा जेवताना म्हणाला, "हे सगळं ठीक आहे गं. पण पहिलीत कोण घेणार हिला? मेथी निवडून काय होणारेय?" मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. त्याच्या आवाजातही भीतीच होती.

मागच्या आठवड्यात तिला मासळी बाजारात नेलं. घराबाहेर तिला कुणाशी बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. कोळीणमावशी तिच्याकडे वाकून म्हणाली, "काय गं पोरी, बोंबील ताजा हाय. देऊ ना आईला?" मी तिच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "न्हाय." मोठ्याने. मग परत, "न्हाय. कोलंबी."

मावशी हसली. मला आनंद झालाच, पण त्याच्या मागोमाग तुमचा आवाज आला. तुमच्या 'लई'ला, 'न्हाई'ला तुमच्या कामावरचे लोक हसायचे, आणि घरी येऊन तुम्ही माझा एकेक शब्द दुरुस्त करायचात. "शुद्ध बोल. जिभेवरून लोक गाव ओळखतात. नुसतं गाव न्हाई, सगळंच ओळखतात." पोरीचं पहिलं 'नाही' असं निघालं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. करायला हवं होतं का? तुम्हाला आत शिरायला एक जन्म लागला. मी तिला हात धरून बाहेर आणलंय, आणि उद्या बाहेरच राहिली तर?

काल ती तुमच्या फोटोसमोर उभी होती. तुम्ही त्यात हसत नाही आहात. "आजोबा रागावलेत का?" तिने विचारलं. इतक्या दिवसांनी एवढं लांब वाक्य. मी घाईघाईने म्हटलं, "नाही गं. तुला घरी ठेवू का, असं मी विचारलंय त्यांना. ते हो म्हणाले."

विचारलं नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाहीच, तरी शेवटच्या ओळीपर्यंत आलेय आणि तो प्रश्न मी अजून तुम्हाला विचारलेला नाही. हिंमत होत नाहीये.