व्याह्यांच्या कपाळाला लागलेल्या दिव्याचा खुलासा

शिरड शहापूर

श्रीमान किशनराव व्याही, मुक्काम आखाडा बाळापूर, यांना व्यंकटरावाचा हात जोडून रामराम. इकडं आमी दोघं बरे आहोत. तुमच्या कपाळावरचं टेंगूळ उतरलं असेल, विहीणबाईंचे गुडघे साथ देऊन राहिले असतील, जावईबापू आणि आमची राजनंदिनी खुशाल असतील, असं धरून चालतो.

लिहायचं कारण (तुमी फोन उचलत न्हाई, मीबी तकलीफ नको म्हणून करणं सोडलं) असं, की धोंड्याच्या जेवणाला तुमी आले तेव्हा आमच्या जेवणाच्या खोलीतला दिवा तुमच्या कपाळाला लागला. तो तेवढ्या खाली काहून होता, हा खुलासा राहून गेला.

घर बांधलं तेव्हा त्या खोलीत भिंतीवर एकच ट्यूबलाइट होती. तिच्याकडं पाठ करून बसलं की आपलीच सावली ताटात. एकदा मी मेथी समजून ठेच्याचा घास घेतला. (ताट सारून पाण्याकडं पळालो, घरच्या चतुराबाईंना वाटलं, रागावलो.) मग वसमतला जाऊन टेबलावर लटकवायचा दिवा पाहिला. ही म्हणे काचेचा घ्या, मी म्हणे पितळी, कारण काचेतून बल्ब डोळ्यात जातो. पितळी जड निघाला, म्हणून रविंद्र वायरमनला बोलावून स्लॅबात हूक ठोकून घेतला. त्यानं दिवा उंच टांगला. तर बल्ब डोळ्यात जायचाच, वरून किडे आमटीत सांडायचे ते वेगळं. थोडा खाली घ्या, अजून थोडा, असं करत करत तो बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हातभर येऊन थांबला. तिथं बराबर जमलं. उजेड ताटात, डोळ्याला त्रास न्हाई. आणि खाली टेबल असल्यावर दिव्याला धडकणार कोण?

घोळ झाला तो तुमच्या पाहुणचाराच्या दिवशी. माणसं जास्त म्हणून टेबल भिंतीकडं सरकवलं आणि शेजारच्या केशरबाईंचं टेबल त्याला जोडलं. दिवा होता तिथंच राहिला, कारण हूक सरकत न्हाई. त्याच्याखाली आता मोकळी वाट. तुमी हात धुवून, रुमालानं तोंड पुसत, नेमके तिथूनच आले. त्यात तुमची उंची खानदानी. (मी त्याच्याखालून सकाळपासून चार चकरा मारल्या होत्या, थोडं वाकून.)

तुमी म्हणाले, "असू द्या, काई न्हाई झालं," आणि अर्धं ताट ठेवून उठले. पुरणाच्या धोंड्याला तर हातबी लावला न्हाई. तवापासून राजनंदिनीकरवी तिला माहेरी धाडायचं विचारलं की तिकडून "बघू" एवढंच येतं.

आता रविंद्रला पुन्हा बोलावून दिवा वर घेतला, बल्ब दुधी लावला, आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर छोटे दिवे बसवले. सावली पडत न्हाई, डोळे दिपत न्हाईत. खोलीत आता घोड्यावर बसून आलं तरी चालेल.

मोठ्या मनानं वाचून घ्यावं.

तुमचा,
व्यंकटराव

ता. क. पंचमीला लेकीला चार दिवस धाडावं. खरं म्हणजे पत्र त्याच्यासाठीच.

ता. क. दुसरा, चतुराबाईच्या हातचा. दादा, यांनी हूक लिहिला, बल्ब लिहिला, एक मात्र गाळलं. दिवा लागून तुमी मटकन खाली बसले, तवा यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "अरे, दिवा धरा!" तो मी ऐकला, तुमीबी ऐकला. तुमी त्याच्यावरच रुसले, हे राजनंदिनीनं मला सांगितलं. चूकच झाली. यांच्या वतीनं माफी मी मागते. लेकराला धाडा.

(पाकिटाच्या पाठीवर) हिनं शेवटी काय लिहिलं ते मला दाखवलं न्हाई, पाकीट चिकटवूनच हातात दिलं. चांगलंच लिहिलं असेल. एक सांगायचं राहिलं: दिव्याला काई झालं न्हाई, साधा पोचाबी आला न्हाई. त्याची काळजी नसावी. व्यं.