फेराइटच्या फटीतला कागद

६ एप्रिल ८७, सोम.
तंत्रनिकेतनातला एकुलता एक कॉम्प्युटर मेला. गावभर कूलर सुरू झाले की दुपारी व्होल्टेज दीडशेवर येतं. आतला विलायती पॉवर सप्लाय जळाला. प्राचार्य म्हणाले, महिनाअखेर सुरू झाला नाही तर मशीन मुंबईला परत. म्हणजे मुलींच्या बॅचचं प्रॅक्टिकल बुडालं. मी बोलून बसलो, सप्लाय घरी बनवतो. स्विचिंगचा, दोनशे वॅटचा. लॅब असिस्टंटने जीभ आवरावी, पण...

९, गुरु.
सर्किट जमलं. अडलं ट्रान्सफॉर्मरपाशी, माझ्या हातून तारेचे वेढे सरळ बसत नाहीत. वाडीला नामदेवभाऊंकडे गेलो. ट्रकचे डायनॅमो, विहिरीच्या मोटरा भरतात. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचे, फेराइटचे दोन तुकडे, मध्ये कागद लावून, त्यांच्या हातात दिले. वेढे किती ते सांगितलं. कागद कशाला ते नाही सांगितलं.

१३, सोम.
ट्रान्सफॉर्मर आला. दागिन्यासारखं काम! जोडला, आणि फट्. ट्रान्झिस्टर गेला. दुसराही गेला. सीताबर्डीच्या दुकानदाराला डुप्लिकेट माल देतो म्हणून नाही नाही ते बोललो. तो उलटून बोलला नाही. आतून एक आणून दिला, म्हणाला शेवटचा आहे.

१४, मंगळ.
सकाळी फेराइट उघडलं. कागद नाही! फट नसली की फेराइट चुंबकत्वाने भरून जातं, प्रवाह आवरत नाही, ट्रान्झिस्टर जळणारच. तावातावाने वाडीला. आज जयंती, घर पाहुण्यांनी भरलेलं. नामदेवभाऊ म्हणाले, "मधात कचरा अटकला होता गा, म्या काढून फेकला. चांगलं चिपकवून देल्लं." आयुष्यभर फटी बुजवलेला माणूस, दुसरं काय करणार. मी आवाज चढवला, तर ताट पुढे आलं. "आधी जेव. मंग भांड."
जेवलो. भांडण राहून गेलं. वेढे करपले होते. नवा सदरा घातलेला तो माणूस पाहुणे सोडून दुकानात बसला आणि सगळं परत भरलं. कागद मी लावला. लाज वाटली. उपकार कसे फेडू, कळत नाही.

१८, शनि.
शेवटचा ट्रान्झिस्टर. बायकोने देवाला हात जोडले, मीही. चालला! भर दुपारी, कूलर सुरू, लोड म्हणून मोटारीचे बल्ब, तरी कॉम्प्युटरला लागणारे पाच व्होल्ट हलले नाहीत. बर्डीला जाऊन दुकानदाराची माफी मागितली. त्याने चहा पाजला. चांगल्या माणसांच्या गावात राहतो मी.

२०, सोम.
प्राचार्यांना लेखी हवं: कॉम्प्युटर जळाला तर जबाबदारी माझी. सही केली. नामदेवभाऊ मशीन पाहायला सायकलने आले होते. कागद वाचून घेतला, पेन मागितला. "वेढे माहे हायेत. माहं नाव काहून नाही?"
बाहेरच्याची सही चालत नाही, प्राचार्य म्हणाले. नामदेवभाऊंनी केलीच, सावकाश, पूर्ण नाव.
उद्या अकराला सप्लाय मशीनला जोडायचा.