यतीनचा प्रोग्राम आणि मी

१२ जुलै १९९५

आज पुन्हा हरवलं यतीनच्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला! मी वजीर पुढे केला, त्याने हावरटासारखा खाल्ला – आणि मात. यतीनचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या पोराला थोबाडीत मारली. "असं कसं झालं?" म्हटलं, त्याला नुसतं खाणं दिसतं, खाल्ल्यावर आपल्या राजाचं काय होणार ते दिसत नाही. लगेच कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप करायला लागला. माझ्याकडे न बघता.

सांगलीहून राज्य स्पर्धेला जायचे मी. एकदा दुसरी आले होते. मग लग्न, मग नोएडा. इथे कुणाशी खेळणार? शेजारणी किटी पार्टीला बोलावतात.

१९ जुलै

दिवसभर लाइट नाही. कूलर बंद, कॉम्प्युटर बंद. बरं वाटलं.

३ ऑगस्ट

मागे सांगितलं होतं त्याला – मोहरी कमी झाली की राजा कोपऱ्यात लपवून चालत नाही, मध्यावर आणावा लागतो. यतीनने तसं प्रोग्राममध्ये घातलं. आज तो राजा असा चालत आला ना – अगदी माझ्यासारखा! डाव बरोबरीत सुटला. मी वेडी, खूश झाले.

१ सप्टेंबर

यतीनचा पार्टनर नीरज जेवायला. "कमाल है यार, कितना स्ट्राँग हो गया!" मी पोळ्या वाढत होते. "भाभीजी भी खेलती हैं?"

"अरे नहीं, बस टेस्टिंग के लिए बैठती है."

बैठती है!

तो गेल्यावर म्हटलं, मी शिकवलंय त्याला. तर म्हणे, "तू सांगतेस ते कुठलाही खेळाडू सांगेल, क्षिप्रा. कोड मी लिहितो ना?"

१४ सप्टेंबर

पहिल्यांदा हरले. यतीनने उडी मारली, टाळ्या वाजवल्या. एसटीडी बूथवर जाऊन त्याच्या आईला कळवून आला.

१५ सप्टेंबर

दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

२७ सप्टेंबर

शनिवारी हॉटेलात डेमो. एक मोठी कंपनी प्रोग्राम घेईल म्हणतात. प्रोग्रामसमोर मी खेळायचं – 'महाराष्ट्राची नामवंत खेळाडू' म्हणून. आता आठवलं यतीनला!

मग हळूच म्हणाला, "फक्त एक कर. हर. आधी चांगली लढ, मग एखादी चूक. कुणाला कळता कामा नये."

"आणि जिंकले तर?"

"मस्करी नको हं. माझी दोन वर्षांची मेहनत आहे."

माझी!

हो म्हटलं मी. हल्ली बरेचदा हरते, कबूल. पण स्वैपाकघरातून ये-जा करत खेळते. एकदा नीट बसू दे. सगळ्यांसमोर फोडते त्याला.

२९ सप्टेंबर

लाकडी पट काढला. धूळ पुसली. दुपारचं जेवले नाही, डावच मांडत बसले. यतीनला वाटतंय, हरायची तयारी चाललीय.

३० सप्टेंबर

जीव तोडून खेळले. एकही चूक केली नाही – निदान मला तरी दिसली नाही. हरले.

येताना टॅक्सीत यतीनने माझा हात हातात घेतला. "थँक्स, क्षिप्रा. काय सुंदर हरलीस! नेमकं कुठे चुकलीस ते मलाही कळलं नाही."

म्हटलं, "हो ना."