ताटांचे फोटो

११ नोव्हेंबर
पाटोद्याजवळच्या हंगामी वसतिगृहाची डिजिटल तपासणी केली. आईवडील ऊसतोडीला गेले की मुलं सहा महिने इथे राहतात. संस्थांना तंत्रज्ञान जबाबदारीने वापरायला शिकवणं हे माझं काम, आणि ही माझी पहिली संस्था. स्थिती गंभीर. स्वयंपाक करणाऱ्या साखराबाई रोज संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक मुलाचा ताट धरलेला फोटो टाकतात. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस फोटो. चेहरे, नावं, सगळं उघडं. लेखी संमती शून्य.
शाळेत घालायच्या आधी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला आमच्या दुकानात पोत्यावर बसवून शिकवलं होतं: विचारल्याशिवाय कुणाच्या घरात डोकवायचं नाही. माझं सगळं धोरण तिथूनच आलंय.
संकल्प: महिनाअखेर हे जिल्ह्यातलं पहिलं जबाबदार डिजिटल वसतिगृह. सुरुवात स्वतःपासून. अप्पांना फोन करून सांगितलं, रोज सकाळी फुलाचा फोटो पाठवू नका, सर्व्हरला वीज लागते. बरं म्हणाले. लगेच. किती समजूतदार.

१३ नोव्हेंबर
मीटिंग. अध्यक्ष मोहनराव पूर्ण वेळ मान हलवत होते. (फोनवरही बोलत होते.) साखराबाई म्हणाल्या, ताई, मग मायांना काय दाखवू? मी म्हटलं, दर शनिवारी लेखी अहवाल. त्या म्हणाल्या, रोहिणीच्या मायला वाचता येत न्हाई. नोंद केली: प्रौढ साक्षरता, वेगळा विषय.
संमतीपत्र तयार. सहा पानं, पीडीएफ. दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा एक चुकलेला स्वल्पविराम सापडला. ग्रुपवर टाकलं. मुदत तीन दिवस.

१६ नोव्हेंबर
उत्तरं शून्य. म्हणजे एकाही पालकाची संमती नाही. बरं झालं विचारलं. आजपासून फोटो बंद.

१८ नोव्हेंबर
ग्रुप शांत. साखराबाईंच्या फोनवर तेवीस मिस्ड कॉल. ऊस तोडून बाया रस्त्यावर येतात तेव्हाच त्यांना रेंज मिळते, आणि नेमकी तेव्हा इथे भाकऱ्यांची वेळ. परत लावला तर लागत नाही. एक कॉल कसाबसा घेतला, तर बाई विचारत होती, काहून फोटो न्हाईत? साखराबाईंना म्हटलं, गोपनीयता सांगा. म्हणाल्या, तुमीच सांगा ताई, माज्या तोंडात बसत न्हाई ते.
ग्रुपवर दीड पानाचा खुलासा टाकला. आता शंका उरू नये.

२० नोव्हेंबर
दुसरीतली रोहिणी अजून रोज ताट धरून भिंतीशी उभी राहते. तिच्याजवळ बसून नीट समजावलं: तुझा चेहरा तुझा आहे. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, मग आई जेवली का? माझं ताट बघितल्यावरच जेवते ती.
सवय आहे. आठवड्यात मोडेल.
तिच्या ताटात अर्धी भाकरी राहिली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पहिला अहवाल. मुले: ४१. प्रकृती: समाधानकारक. मोहनरावांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. बाकी कुणी काही नाही. उपक्रम यशस्वी, असं ऑफिसला कळवलं.
माझ्या फोनमध्येही आता जागाच जागा. सकाळी उघडला की काहीच नसतं.

२५ नोव्हेंबर, सकाळी ७
रोहिणीची आई मंगल आली. कोल्हापूरकडून, दोन एसट्या बदलून. हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. आल्या आल्या पोरीचं तोंड, मान, पाठ चाचपली, गुडघेसुद्धा बघितले. मग म्हणाली, धड हाय की. मला वाटलं पोरीचं काई वंगाळ झालं म्हून दाखवंनात.
मी धोरण समजावलं. संमतीपत्र पुढे केलं. अंगठ्याची सोय ठेवली होतीच. तिनं अंगठा उठवला आणि म्हणाली, हिला घेऊन चालले.
साखराबाई म्हणाल्या, तिथं कुठली शाळा गं, दिवसभर मोळ्या बांधील पोरगी. अक्षर तरी बघ तिचं, किती सुधारलंय. मंगल म्हणाली, अक्षर मला काय कळतंय आक्का. तोंड कळतं.
रोहिणीनं ताट घासून जागेवर ठेवलं आणि दप्तर घेऊन निघाली.

२६ नोव्हेंबर
मोहनराव म्हणाले, मॅडम, तुमची गोपनीयता लई चांगली हाय, पण पोरं गळायला लागली. फोटो पुन्हा सुरू. संध्याकाळी ग्रुपवर चाळीस ताटं.
मंगलचा नंबर ग्रुपवर अजून आहे. काढायला सांगावं का, ठरवता आलं नाही.

३० नोव्हेंबर
अंतिम अहवाल लिहिला. फाइलमध्ये संमतीपत्र एकच. अंगठ्याचं. नियमानुसार पूर्ण. रोहिणीचं.
संध्याकाळी माझ्या ताटाचा फोटो काढून अप्पांना पाठवला. उत्तर आलं: नियम बदलला का बाळ? मी रोज सकाळी फूल निवडून ठेवतो. तुला विचारावं कसं, म्हणून थांबलोय.
हो, एवढंच लिहिलं.
आज माझ्या ताटात अर्धी भाकरी राहिली.