पांढरी कुठे थांबली

ता. ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तिकडचं तुझ्या बायकोला लिहायला सांग. तुझ्या पत्रात पूलचं टेबल आणि काठी सोडून काही नसतं.

फोनवर तू शिकवतोस आणि मी भांडते, म्हणून हे पत्रांचं तूच काढलंस. ठीक आहे. पण चौथीत शाळा सुटलेल्या बाईला किती लिहायला लावायचं? दिवसभर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी दाबायच्या, सुटल्यावर वरच्या मजल्यावर स्टाफच्या क्लबात जाऊन तुझे फटके मारायचे. वर दर फटक्याला काठी भिंतीला टेकवून पांढरा बॉल थांबेपर्यंत उभं राहायचं, आणि तो कुठे थांबला तिथे कागदावर टिंब काढायचं. ही पांढरी थांबायला किती वेळ घेते माहीत आहे? तेवढ्यात माझी उशीची एक खोळ होते इस्त्री करून.

सोबत शंभर फटक्यांचा कागद आहे. बघ, सगळी टिंबं तू आखलेल्या चौकोनातच. आता पुढचं शिकव.

क्लबाची तीन बायकांची टीम एप्रिलमध्ये बाहेर खेळायला जाणार. दोघी ठरल्या. तिसरीसाठी सगळे त्या उंच नर्सचं नाव घेतात. माझं कुणी घेत नाही. मला जायचंय. तुझे दाजी म्हणाले, या वयात हे काय. मी म्हटलं, तुम्ही या वयात काय करता ते आधी सांगा. ते पेपर उघडून बसले.

माया आहे ती राहू दे, पण धडा लवकर पाठव.
तुझी ताई


ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
वाकून नमस्कार. आम्ही मजेत. परवा एका ठिकाणी नवीन टेबल बसवलं. मालकाने हौसेने पहिला फटका मारला आणि नव्या कोऱ्या कापडाला बोटभर चीर पाडली. मला म्हणाला, कापड कच्चं दिसतंय. मी म्हटलं, हो, बहुतेक कापडच.

तुझा कागद बघून मी गारच झालो. आता पुढचं. बॉल पॉकेटात घालणं म्हणजे निम्मं काम. त्यानंतर पांढरी पुढच्या बॉलसाठी सोयीच्या जागी उभी राहिली पाहिजे. तिला मधोमध मारलंस तर ती आदळून जागीच थांबते, वर मारलंस तर बॉलच्या मागे जाते, खाली मारलंस तर परत येते. टेबलाच्या मध्यावर सहा बॉल एका रांगेत ठेव. एकेक घाल, पण पांढरी दुसऱ्या कुठल्याही बॉलला शिवता कामा नये. शिवली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि हो, तुमच्या सेक्रेटरींना मी लिहून टाकलं. तुमच्या क्लबाचं टेबल मीच बसवलेलं, ते मला ओळखतात. तिसऱ्या जागेसाठी ताईचा आणि नर्सबाईंचा सामना लावा, ताईच्या खेळाची हमी माझी, असं कळवलं. त्यांनी सोळा मार्च ठरवलाय.

दाजींना नमस्कार. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच पेलत नाही.
तुझा बारक्या


ता. १५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद नंतर. आधी सांग, कुणाला विचारून लिहिलंस?

ती टिंबं खोटी आहेत. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या ढिगावर बसून काढली. शंभरच्या शंभर. फटके मारले मी, देवाशपथ मारले, पण पांढरीकडे मी बघतच नाही. रंगीत बॉल पॉकेटात पडला की माझे पाय पुढच्या बॉलकडे निघालेले असतात. परवा तर पांढरी फिरत असतानाच तिला काठी मारली. सेक्रेटरी म्हणाले, बाई, हा फाउल. सामन्यात असं झालं तर पांढरी सरळ नर्सच्या हातात जाणार आणि ती हवी तिथे ठेवून खेळणार. तुझी रांग लावून बघितली. दुसऱ्या बॉलच्या पुढे एकदाही गेले नाही.

आता धुलाईखान्यातल्या सगळ्यांना सामन्याचं कळलंय. बॉयलरवाला येता जाता चॅम्पियन म्हणून हाक मारतो. मी त्याला शिव्या घालते.

माझं नाव मागे घे असं इथे लिहिलं होतं, ते खोडलंय. वाचता येत असलं तरी वाचू नकोस.

राग आला असेल तर दोन दिवसांत आटप.
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. मला त्याच दिवशी कळलं होतं.

अगं, शंभर फटक्यांत पांढरी एकदाही पॉकेटात पडली नाही? मी रोज टेबलं तपासतो, माझी अजून पडते. वर तुझी टिंबं कशी, तर एका अंतराने, एका दाबाने. माझ्या बायकोने कागद बघितला आणि म्हणाली, वन्संनी हा खेळलाय की शिवलाय?

म्हणून सेक्रेटरींना लिहिलं. मुद्दाम. नुसतं सांगून तू आजवर कुणाचं ऐकलंयस? तुला हवं तेवढं रागव. मला फसवायला पेन्सिल पुरते, पण ती नर्स कागद बघून हरणार नाही.

आता शंभर नकोत, रोज पंचवीस. फटक्याआधी पांढरी कुठे थांबणार ते मोठ्याने बोलायचं. मग मारायचं, काठी टेकवायची आणि दोन्ही हात पाठीमागे. ती थांबेपर्यंत हात सोडायचे नाहीत. खरी टिंबं पाठव. पॉकेटात पडली तर टिंब पॉकेटात काढ.

तुझी माया अशीच कडक राहो.
बारक्या


ता. २८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद, तुझ्यापेक्षा तुझ्या बायकोला जास्त.

हे घे खरे कागद. पहिल्या दिवशी पंचवीसपैकी अकरा वेळा पांढरी पॉकेटात. हात पाठीमागे धरून उभी राहिले की अंगात मुंग्या धावतात. दाराशी कुणी आलं, जिन्यात बादली वाजली, तरी मान वळते. बॉयलरवाल्याने विचारलं, मावशी, शिक्षा कुणी केली? मी म्हटलं, माझ्या भावाने, ज्याला मी अंघोळ घालायचे.

काल नर्स आली होती. जरा वेळ बघून हळूच म्हणाली, काठी इतकी आवळू नका, मनगट दुखेल. बाई चांगली आहे रे. तिचा राग करायचा तर मेहनत घ्यावी लागते.

एक सांगते, परत विचारू नकोस. तू जन्मलास आणि मला शाळेतून काढलं. दुपारी तुला कडेवर घेऊन मी कुंपणाशी उभी राहायचे. आतमध्ये बाई हजेरी घ्यायच्या, माझा नंबर गाळून पुढचं नाव यायचं. तुझा दोष नाही, तू तर माझ्या अंगावर ओलं करायचास तेवढंच. त्यानंतर कुठल्या यादीत मी नाही. धुलाईखान्यातही मला मशीनच्या नंबरानेच ओळखतात. क्लबाच्या फळ्यावर टीमची तिसरी ओळ रिकामी आहे. जिना चढताना रोज दिसते.

झोप येत नाही. पायात नुसतं चालणं आहे.
ताई


ता. ७ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. दोनदा वाचलं. परत विचारू नकोस म्हणालीस. म्हणून कागदांवरच लिहितो.

तुझे सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले. ताई, तुझ्या चुका सगळ्या पलीकडच्या आहेत. पांढरी जिथे थांबायला हवी त्याच्या अलीकडे एकसुद्धा टिंब नाही. नजर चांगली, हातही सरळ. फक्त घाई जोरात उतरते. जेवढा जोर लागेल असं तुला वाटतं, त्याच्या निम्मा लाव. कमी पडेल अशी भीती वाटली की समज, बरोबर आहे.

सोळा तारखेला मला येता येणार नाही, तीन टेबलं लावायची आहेत. बायकोने दर अर्ध्या तासाने फोन करायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. पत्राने कळव.

आमच्यावर आहे तसाच लोभ असू दे, सामना कसाही होवो.
बारक्या


ता. १७ मार्च

चि. बारक्यास आणि त्याच्या बायकोला,
आशीर्वाद. बारक्याला ठाऊक असलेलंही बायकोसाठी सांगते. आपले सात बॉल घातले की शेवटी काळा घालायचा. काळ्याबरोबर पांढरी पॉकेटात गेली तर जिंकलेला डाव हरला. पाचपैकी तीन डाव जिंकेल तिची जागा.

पहिला डाव मी हरले. पांढरी फिरत असताना पाऊल टाकलं होतं, काठी खाली आली होती, मारली मात्र नाही. हात पाठीमागे घेतले ते मग सोडलेच नाहीत. माझी पाळी नसतानाही तशीच उभी. दुसरा मी जिंकले, तिसरा तिने, चौथा मी. चौथ्यात पाच बॉल ओळीने घातले आणि पांढरी कशालाही शिवली नाही. बॉयलरवाला ओरडला, त्याला सेक्रेटरींनी बाहेर काढलं.

पाचव्यात नर्सचा एक सोपा बॉल राहिला. कसा राहिला तिलाच कळलं नाही. माझे तीन होते, घातले. काळा कोपऱ्यात पॉकेटाच्या तोंडाशी. एरवी मी धाडकन मारला असता. निम्मा जोर, निम्मा जोर, असं म्हणत वाकले. निम्मा काही लागला नाही, पाऊण लागला असेल. छाती धडधडत होती त्याचा जोर मी काय करू?

काळा पडला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या खात्यातल्या बायका आत घुसल्या, तुझे दाजी खुर्चीवरून उठले. नर्सने हसून हात पुढे केला. मी घेतला नाही. मी सगळ्यांना म्हटलं, थांबा, ती अजून चालतेय.

पांढरी टेबलाच्या काठाच्या कुशनला लागून परत निघाली होती, मधल्या पॉकेटाकडे. इतकी सावकाश की कुणाचं लक्षच नव्हतं. मग एकेक जण टेबलाकडे वळला. नर्सने पुढे केलेला हात तसाच राहिला. बारक्या, मला पळून जावंसं वाटत होतं आणि मी हलले नाही. बघत राहिले. एक वीत राहिली, चार बोटं राहिली, दोन बोटं. तिथे ती टेबलावर झोपल्यासारखी थांबली. तरी मी अजून थोडी थांबले. मग नर्सचा हात हातात घेतला. तिचाही हात गार होता. म्हणाली, मला वाटलं पडते.

टीम पाच एप्रिलला निघते. आज रजेचा अर्ज केला. मुकादम म्हणाला, कारणाची जागा मोकळी सोडलीय, तिथे आजारपण लिहा, लवकर मंजूर होतं. मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि लिहिलं, खेळायला जायचंय.

तुमची माया कमी होऊ देऊ नका. रांगेतले सहा बॉल अजून एकदाही पुरे झालेले नाहीत.
ताई