थोरली, धाकटी आणि मोठं विमान

२ फेब्रुवारी, सकाळी
जाऊबाईचा काटा काढायचा. ठरलं.
घरात ती थोरली, कारण तिने थोरल्या भावाशी लग्न केलं. यात कर्तृत्व काय? विमान कंपनीत आम्ही दोघी वैमानिक, एकाच बॅचच्या. वयाने मी मोठी, म्हणून सीनिऑरिटीत मी वर, ती माझ्या खाली. ड्यूटीची पसंती आधी माझी, उरलंसुरलं तिचं. सगळे रविवार मला सुट्टी. सासूबाईंकडच्या रविवारच्या जेवणाला त्यांच्या शेजारची खुर्ची माझी. ती तेव्हा कुठल्यातरी विमानतळावर गार सँडविच खात असते. तरी काल सासूबाई म्हणाल्या, थोरली असती तर पंगतीला शोभा आली असती.
दाखवतेच शोभा.

५ फेब्रुवारी
मोठ्या विमानावर कॅप्टनची एक जागा निघाली. उड्डाणाच्या तासाचा दर दीडपट. क्रू रूममध्ये जाऊबाई कॉफी ढवळत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, मोठ्या विमानाची शानच वेगळी बाई, नशीब लागतं. ढवळ म्हटलं. संध्याकाळच्या आत माझा अर्ज गेला.

६ फेब्रुवारी
नवरा म्हणाला, तिथले सगळे कॅप्टन तुझ्याहून जुने. इथली वाघीण तिथे मांजर होशील, रांगेत शेवटची. आणि तीन वर्षं परत फिरता येत नाही.
नवरा दातांचा डॉक्टर आहे. त्याला विमानातलं काय कळतं?

१९ मार्च
जागा मलाच. जाऊबाईने केवढातरी गुच्छ पाठवला. जळल्याशिवाय कुणी एवढी फुलं पाठवत नाही.

१५ जून
ट्रेनिंग संपलं. ड्यूटीचं रोस्टर आलं. सगळे रविवार स्टँडबाय. म्हणजे युनिफॉर्म घालून फोनजवळ बसायचं, बोलावलं की तासाभरात विमानतळावर. सासूबाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा जेवण बंद. मी गेल्यामुळे लहान विमानावर आता जाऊबाई सर्वांत वर. असू दे. माझं उष्टं तिला लखलाभ.

२८ जून, रविवार
फोन नाही. नवरा एकटाच जेवून आला. म्हणाला, वहिनी आईजवळ बसली होती, फार हसवलं तिने. कुठल्या खुर्चीत, मी विचारलं. तो दात कोरत राहिला.
संकल्प: त्याच्याशी अबोला. पण मग तिकडच्या बातम्या कोण आणणार? अबोला उद्यापासून.

१ जुलै
पगार आधीपेक्षा कमी. उड्डाणच नाही, तर तास कुठून येणार? पण दर दीडपट आहे, हे विसरून चालणार नाही.

२६ जुलै, रविवार, दुपारी
फोन वाजला. झडप घातली. रोस्टरच्या बाई म्हणाल्या, आज गरज नाही, पण बसून राहा. मी गोड आवाजात सुचवलं की माझ्याबरोबर ज्या बिचाऱ्यांनी अर्ज केला होता, त्यांच्यापैकी कुणाला ही जागा द्यायला माझी हरकत नाही. समजा, माझ्या जाऊबाईला.
त्या म्हणाल्या, मॅडम, अर्ज तुमचा एकटीचाच होता. जाऊबाईंना मी तेव्हाच विचारलं होतं. म्हणाल्या, मला विमान नको, रविवार हवेत.
म्हणजे माझी निवड बिनविरोध झाली.
टोपी नीट केली. फोनजवळ बसले.