दुसऱ्यांदा बोलावलेला कावळा

कोळवण,
सर्वपित्री अमावास्या

ती. नरहरीदादास,

धाकट्या तुळजाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची साखर? इकडे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

इंद्रजितनं (तुझ्या लाडक्या भाच्यानं) घराच्या पुढच्या खोल्या पुण्याच्या पाहुण्यांना द्यायला काढल्या, हे तुला ठाऊक आहेच. आषाढात त्यांनी पैसे भरून आपल्या खाचरात भात लावला. ते गेल्यावर पारूला मजुरी देऊन मी तो उपटून पुन्हा लावून घेतला. पेपरात याला 'व्यापारीकरण' म्हणतात. कोशात अर्थ पाहिला : 'नफ्यासाठी एखाद्या गोष्टीचा बाजार मांडणे'. (कोशकाराकडे पाहुणे उतरत नसावेत, नाहीतर एका ओळीत भागलं नसतं.)

तोवर मी हसत होते. मग ह्यांची पितृपक्षातली तिथी आली. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. भात, वडे, खीर असं पान वाढून परसात ठेवलं आणि उपाशी बसले. दीड वाजता कावळा आला, वड्याला चोच लावली. माझे डोळे भरले. तेवढ्यात मागून एक पाहुणी म्हणाली, "काकू, त्याला परत बोलवा ना, व्हिडिओत नीट नाही आला." इंद्रजित म्हणाला, "आई, दुसरं पान वाढ की. पाव्हणं लांबनं आल्यात." वाढलं मी. आणि दादा, कावळा पुन्हा आला! आता ह्यांचा पहिला की दुसरा, कुणाला विचारू? (जिवंतपणी हे एका हाकेत कधी जेवायला आले नाहीत, म्हणून घोळ.)

आता कार्तिकातल्या वर्षश्राद्धाचीही पाटी लागली आहे : 'अस्सल गावरान विधी, जेवणासह'. मी म्हटलं, "बापाला विकतोस व्हय रे?" तर म्हणतो, "आबा असतं तर त्यांनीच पाटी रंगवली असती." रंगवली असती रे, तेच तर दुखतं.

तुझी,
तुळजा

ता. क. : कार्तिकात ह्यांचं पान उरवड्याला तुझ्या गच्चीवर ठेवू देशील? कारखान्यांमुळे तिकडे कावळे उरलेत का, तेवढं आधी बघून कळव.

ता. क. दुसरा : त्याच पाहुणीनं निघताना विचारलं, "काका कसे होते?" मी तासभर सांगत बसले. दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दादा, तूही नाही. जाताना तिनं माझ्या हातात शंभराची नोट ठेवली. मी घेतली.